शेवटचा दीड मीटर

बारामती-इंदापूरच्या शिवारात वीज येते ती उसाच्या फडांवरून, अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून आणि डीपीवरच्या किटकॅट फ्यूजात कुणीतरी कोंबलेल्या तारेच्या भरवशावर. मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा डोळे मिचकावतो. मात्र बंगल्यातला शेवटचा दीड मीटर तिने चाळीस हजारांच्या पॉवर केबलमधून कापला, की म्हणे किशोरीताईंचा स्वर ‘खुलतो’!

स्पीकरच्या तारेचंही तेच. पाच मीटर अंतराला अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध जाऊन-येऊन जेमतेम 0.07 ओहम, स्पीकर 8 ओहमचा. जेम्स रँडी या जादूगाराने 2007 मध्ये आव्हान दिलं होतं: सात हजार डॉलरची केबल नुसत्या कानांनी ओळखा, दहा लाख डॉलर न्या. कुणी नेले नाहीत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरली तर फरक खरंच ऐकू येतो, पण पाहुण्यांना सतरंजी काय दाखवायची?

विक्रेता सांगतो, तार आधी दोनशे तास ‘मुरू द्या’. रोज दोन तास ऐकलं तरी तीन महिने. तोवर माल परत घ्यायची मुदत उलटलेली असते.