विरार फास्टमधील प्रसाधनविधी

महिलांच्या डब्यात रोज सकाळी होणाऱ्या प्रसाधनाला आजवर लेखी नियमावली नाही. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सोडली, तेव्हाही काजळ नेमके कोणत्या स्थानकात घालावे याबाबत प्रशासनाने मौनच पाळले. ती उणीव दूर करण्यासाठी, विरारहून सुटणारी चर्चगेट फास्ट प्रमाण मानून, पुढील विधी सिद्ध करण्यात आला आहे.

पहिली बाब जागेची. खिडकी उत्तम, मधली सीट चालेल. चौथ्या सीटवरच्या प्रवासिनीने मात्र या फंदात पडू नये. तिचे अर्धे शरीर हवेत असते आणि दोन्ही हात तोल सांभाळण्यात गुंतलेले असतात. उभ्याने प्रवास करणारीस लिपस्टिक अनुज्ञेय आहे, तीही न सांडणारी.

तोंड धुणे, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ही कामे घरूनच उरकून निघावे. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीभर घ्यावे, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. ते मुरायच्या आत वर फाउंडेशन चोळले की मळ निघावा तशा वळ्या निघतात, आणि बिचारे गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालते. विरारकरणीला याची काळजी नाही. शेअर रिक्षा भरेपर्यंत सनस्क्रीन निवांत मुरते.

आता फाउंडेशन. ‘दोन शेड उजळ घ्या, मॅडम’ हा काउंटरवरचा सल्ला ज्यांनी मानला, त्यांचा चेहरा दादरला पोचलेला असतो आणि मान अजून नालासोपाऱ्यातच. गोरेपणाचे वचन देणाऱ्या प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातून ‘फेअर’ काढून टाकले. काउंटरवर ही बातमी अजून पोचायची आहे. शेड मनगटावर पाहू नये, जबड्याच्या कडेला बोटभर लावावी आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन दहा मिनिटे थांबावे. काही फाउंडेशन हवेशी संयोग होऊन जरा काळपट पडतात, ते तेवढ्यात कळते. उजळ बाटली घेऊन झालीच असेल तर फेकू नये. मॉइश्चरायझरमध्ये मिसळून पातळ करावी, मटाराच्या दाण्याएवढीच घ्यावी आणि बोट मानेपर्यंत न्यावे.

डोळ्यांखालची वर्तुळे काळी दिसली तरी पुष्कळदा निळसर असतात. त्यांच्यावर पांढुरका कन्सीलर थापला की राखाडी रंग तयार होतो. निळ्याला नारिंगी मारतो, म्हणून आधी पीच किंवा नारिंगी छटेचा करेक्टर टिंबभर, मग कन्सीलर. आठ तास झोप हाही एक उपाय सांगितला जातो, पण तो विरारच्या वेळापत्रकात बसत नाही.

नायगाव ते भाईंदर या टप्प्यात सुट्या पावडरची डबी उघडण्यास सक्त मनाई आहे. वसईच्या खाडीवरचा वारा पावडर मालकिणीला सोडून आख्ख्या डब्याला लावतो.

डोळ्यांचे काम गाडी थांबलेली असताना करावे. थांबा अर्ध्या मिनिटाचा, तेव्हा एका स्थानकात एकच डोळा. वसईला उजवा, भाईंदरला डावा. बोरिवलीला पेन्सिल पर्समध्ये आणि पर्स मांडीवर, कारण तिथे जी गर्दी आत शिरते तिच्या कोपरांना डोळ्यांची पर्वा नसते. काजळ पसरते ते डोळ्यातले पाणी आणि त्वचेचे तेल यांमुळे. म्हणून काजळाआधी डोळ्याखालची त्वचा टिपून तिथे किंचित पावडर दाबावी. तरीही अंधेरीपर्यंत पांडा अवतरलाच तर बोटाला थुंकी लावण्याची राष्ट्रीय पद्धत टाळावी. कापसाच्या काडीला कणभर क्रीम लावून पुसावे. रात्री वॉटरप्रूफ काजळ पाण्याने घासत बसण्यापेक्षा कापसावर खोबरेल तेल घ्यावे, ते निमूटपणे निघते.

लायनरचे प्रकरण गंभीर आहे. उजवी शेपटी डावीएवढी करायची, मग डावी कमी पडते म्हणून ती वाढवायची, असे करत करत दोन्ही कानापर्यंत पोचल्याची उदाहरणे आहेत. लांबलेली बाजू कापसाच्या काडीने खोडून आखूड करावी. भर घालण्याआधी काढून टाकावे, बहुतेक सगळ्या दुरुस्त्यांत हाच नियम चालतो आणि नेमका तोच कोणी पाळत नाही. दादरला चेहरा तेलकट दिसला की हात आपोआप कॉम्पॅक्टकडे जातो. घामावर पावडर पडली की तिचे लिंपण होते. आधी टिश्यूने दाबून टिपावे. टिपल्यावर पावडरीची गरज पुष्कळदा उरतच नाही.

लिपस्टिक उपमा खाऊन झाल्यावर. लावून झाल्यावर स्वच्छ बोट ओठांत धरून ओढून काढावे. दातांना लागणारा रंग बोटावर येतो. तीच लिपस्टिक गालांवर टिंबभर लावून पसरली की ब्लशचे पैसे वाचतात. रंग टिकवायचे शास्त्र मात्र नवे नाही. जुन्या फणीकरंड्याच्या पेटीत मेणाची डबी असे. कपाळावर आधी मेणाचा गोल, त्यावर कोरडे कुंकू दाबायचे. आज त्याच कामासाठी निरनिराळ्या नळ्या विकत मिळतात.

डब्यातच टोपली घेऊन येणाऱ्या मावशींकडून क्लिपा, कानातली जरूर घ्यावीत. ओठांना आणि डोळ्यांना लावायच्या वस्तूवर मात्र उत्पादकाचे नाव आणि मुदत पाहावी. उघड्या डबीच्या चित्रात ‘६ एम’ लिहिले असेल तर ती वस्तू उघडल्यापासून सहा महिनेच चालते. वाळलेल्या मस्काऱ्यात पाणी घालून तो जिवंत करू नये. त्यात जंतू तेवढे जिवंत होतात.

टिकलीखाली खाज सुटली किंवा त्वचा फिकी पडू लागली तर टिकली लगेच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने कपाळावर पांढरे डाग पडल्याचे डॉक्टरांनी नोंदवलेले आहे.

राहता राहिला शेजारधर्म. डोळे येण्याची साथ असो वा नसो, शेजारणीने काजळाची पेन्सिल मागितली तर हसून नाही म्हणावे. टिकली मागितली तर नव्या पाकिटातली काढून द्यावी, आणि चर्चगेटपर्यंत आरसाही धरावा.