‘ओव्हररेटेड’ म्हणण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

चारचौघांत आपण जाणकार आहोत हे दाखवायला पूर्वी बरंच वाचावं लागे. आता एक शब्द पुरतो. एखाद्या गोष्टीला तिच्या लायकीपेक्षा जास्त भाव मिळतोय असं वाटलं, की तिला ‘ओव्हररेटेड’ म्हणावं. लायकी नेमकी किती, हे सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर नसते. म्हणून तर हा शब्द इतका सोयीचा आहे.

पहिली अट, वस्तू आधी गाजलेली हवी. गल्लीतल्या टपरीवरच्या मिसळीला ओव्हररेटेड म्हणालात तर लोक तुमच्याकडेच बघतील. त्यासाठी रविवारी सकाळी रांग लागणारं नावाजलेलं दुकान गाठावं. नंबर लागेपर्यंत गप्प राहावं. मिसळ आली की फोटो काढावा, सॅम्पल दोनदा मागवावं, पावाचा शेवटचा तुकडा वाटीच्या तळाशी फिरवावा आणि हात धुताना म्हणावं, ‘ठीक आहे, पण ओव्हररेटेड.’ आधी म्हटलं तर शेजारचा तुमची प्लेट ओढून घेतो. पुण्याच्या मिसळीबद्दल कोल्हापुरात मात्र हा शब्द वाया घालवू नये. तिथे ते गृहीतच धरलेलं असतं.

पॅरिसला जाऊन आलेल्यांसाठी मोनालिसा आहेच. ‘एवढंसं चित्र हो!’ असं म्हणून सुरुवात करावी. ७७ बाय ५३ सेंटिमीटर हे माप पुस्तकांत छापलेलं असतं, पण ते विमानाचं तिकीट काढण्याआधी वाचायचं नसतं. १९११ मध्ये हे चित्र लूव्हरमधून चोरीला गेलं, तेव्हा नुसती रिकामी भिंत बघायलाही गर्दी लोटली होती. त्या भिंतीला खुशाल ओव्हररेटेड म्हणा, माझी हरकत नाही.

मुरलेल्या मंडळींनी हापूसला हात घालावा. इथे नुसता शब्द टाकून भागत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा पुरावा लागतो. पेंढ्यातून एक फळ उचलावं, देठाशी वास घ्यावा, सगळ्यांसमोर कापावं. आत साका निघाला, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा असला, तर तुमचं नशीब जोरावर. बाहेरून निर्दोष दिसणारं फळ आतून असं निघणं हे हापूसचं खरंखुरं दुखणं आहे आणि त्यावर रत्नागिरीकरही वाद घालणार नाही. फक्त निकाल देण्याआधी पेटी कुठून आली ते विचारून घ्यावं. ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात कर्नाटकातला आंबा निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे शिक्षा भलत्याच आरोपीला होऊ शकते. माझं मत विचाराल तर हापूस ओव्हररेटेड नाही, मार्चमधला हापूस आहे. मे महिन्यात भाव उतरल्यावर तोच आंबा एकदम गुणी वाटायला लागतो.

काही ठिकाणी शब्द जपून वापरावा. सचिनबद्दल बोलायचंच असेल तर १०० आंतरराष्ट्रीय शतकं समोरच्याला एकेक करून पाठ आहेत असं धरून चालावं, आणि शिवाजी पार्कपासून चार हात लांब उभं राहावं. पुलंबद्दल पुण्यात बोलायचं असेल तर निघायची गाडी आधी बघून ठेवावी. सासरच्या पुरणपोळीला हा शब्द कोणत्याही परिस्थितीत लागू होत नाही. तिथे ‘अजून अर्धी वाढा’ एवढंच बोलावं.

आणि कुणी आपल्या खर्चाने तुम्हाला जेवायला नेलं असेल, तर कृपा करून त्याने बिल चुकतं करेपर्यंत तरी तोंड बंद ठेवा.