मूषक-कुलवृत्तांत

उत्पादन नियोजन हा विषय मला कोणी शिकवू नये. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात माझी सगळी नोकरी त्यातच गेली. कुठल्या महिन्यात किती गिअर लागतील हे मी कागदावर काढायचो आणि तेवढेच लागायचे. नाही लागले, तर ती चूक विक्री खात्याची असायची. त्यामुळे कन्या जेव्हा म्हणाली, "बाबा, दर आठवड्याला उंदीर विकत आणणं परवडत नाही, घरीच वाढवूया का?" तेव्हा तिला गॅलरीत एक टब ठेवण्यापुरती जागा हवी होती. मी तिला पंचवार्षिक योजना दिली.

आमचं गिऱ्हाईक एकच, गुंडोपंत. जातीने बॉल पायथन, मूळ गाव पश्चिम आफ्रिका. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. कागद चोख आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचा साप घरात ठेवता येत नाही. शेतातले उंदीर खाऊन आपलं धान्य वाचवणारी धामणसुद्धा नाही, आणि ते योग्यच आहे. परदेशी पाहुण्याची मात्र केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद होते. आमच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. गुंडोपंतांच्या कागदांवर एक खाडाखोड नाही.

तर योजना. एक नर, दोन माद्या. मादी 19 ते 21 दिवसांत विते. एका वेळेला आठ-दहा पिल्लं. तीन आठवड्यांनी ती आईपासून तोडायची, सहाव्या आठवड्यात ती स्वतः संसाराला तयार. गुंडोपंत वयाने लहान, त्यांना आठवड्याला एक उंदीर पुरे. मी वही घातली. तिच्यात आवक, जावक, शिल्लक असे रकाने होते आणि शेवटी 'सुरक्षित साठा' असाही एक होता. या धंद्यातली माणसं जन्मलेल्या पिल्लाला पिंकी म्हणतात, लव फुटली की फझी, उड्या मारायला लागलं की हॉपर. मी तिन्हींसाठी तीन रंगांची पेनं आणली. बायको म्हणाली, "अहो, निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमा करतात."

मग थंडी पडली आणि गुंडोपंतांनी अन्न सोडलं. या जातीचे साप, विशेषतः नर, थंडीत महिनोन्‌महिने जेवत नाहीत. आजारी नसतात, हडकत नाहीत, नुसते बसून राहतात. कन्या निवांत होती, कारण तिला हे आधीपासून माहीत होतं. माझ्या वहीत उपोषणाचा रकाना नव्हता. इकडे माद्यांना यातलं कोणी काही कळवलं नव्हतं. गिऱ्हाईक ध्यानस्थ आणि कारखाना तीन पाळ्यांत, अशी परिस्थिती मी सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती. जावकच्या रकान्यात शून्य, आणि सुरक्षित साठा इतका सुरक्षित झाला की टबांची संख्या गॅलरीतून कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, तिथून बैठकीच्या खोलीच्या दारापर्यंत सरकली. त्यात वयात आलेले नर एकमेकांना फाडून काढतात, म्हणून ते वेगवेगळे ठेवायचे. एवढी स्वतंत्र खोली आमच्या घरात मलाही नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते त्यांच्या घराण्याबद्दल. विकणाऱ्याने उंदीर देताना सहज म्हटलं होतं, "स्विस आहेत, सर." त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने जगलो. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, आणि स्विस! आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात आमच्या शाखेला अर्धं पान आहे आणि माझ्या नावाची वेलांटी चुकली आहे. म्हणून मी उंदरांचा शोधायला बसलो, आणि काय सांगू, त्यांचा आमच्यापेक्षा कितीतरी नीट ठेवलेला आहे!

1926 साली क्लारा लिंच नावाच्या बाईंनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून नऊ पांढरे उंदीर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आणले. दोन नर, सात माद्या. जगभरच्या प्रयोगशाळांतली 'स्विस' उंदरांची सगळी प्रजा त्या नवांची. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांना वापरतात ते 'स्विस अल्बिनो' हेच. म्हणजे माझ्या गॅलरीतल्या मंडळींचे मूळ पुरुष दोन आणि त्यांची नोंद आहे. आमच्या मूळ पुरुषाबद्दल कुलवृत्तांतात 'कोकणातून वर आले असावेत' एवढंच आहे.

त्याहून मोठं घराणं काळ्या उंदरांचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई राहत. शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या, कोंबड्या पाळून पाहिल्या, जमलं नाही. मग शौकिनांना विकायला त्यांनी उंदीर पाळले. उंदीर हजारोंनी वाढले आणि गिऱ्हाईक म्हणून शास्त्रज्ञ यायला लागले. एकदा बाईंना काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या. त्यांनी ते लिओ लोब या डॉक्टरांना कळवलं, आणि पुढे कर्करोगावरचे शोधनिबंध दोघांच्या नावाने निघाले. बाई 1918 मध्ये वारल्या. त्यांच्या 57 नंबरच्या मादीपासून 1921 साली क्लॅरन्स लिटल यांनी एक वाण काढलं. 2002 मध्ये उंदराचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाच्या उंदराचा.

निवृत्ती, फसलेले उद्योग, घरातले उंदीर: मला त्या बाईंमध्ये मीच दिसायला लागलो. फरक इतकाच की त्यांना गाठी दिसल्या आणि मला वास आला.

आणि ते गोत्राचं राहिलंच. शुद्ध वाण तयार करायचं तर सख्ख्या भावा-बहिणीचा संकर लागोपाठ वीस पिढ्या करावा लागतो, मगच शास्त्र त्याला शुद्ध म्हणतं. हे मी आमच्या आतेबहिणीच्या यजमानांना मुद्दाम सांगितलं. ते वधूवर सूचक मंडळात असतात आणि सगोत्र हा शब्द ऐकला की चष्मा काढून पुसतात. त्यांनी पुसला. "उंदरांत चालत असेल," म्हणाले. माझ्या गॅलरीत मात्र विसाव्या पिढीपर्यंत थांबायची गरज पडली नाही. एक नर टबाचं झाकण कुरतडून बाहेर आला आणि त्याने नात्यागोत्याचा सगळा तक्ता एका रात्रीत निकालात काढला. मी तीन रंगांची पेनं कन्येच्या पेनस्टँडमध्ये ठेवून दिली.

वासाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आमच्याकडे आलेले पाहुणे हल्ली दुसरं काही बोलत नाहीत. तो वास मुख्यतः नराच्या मुताचा. 2010 साली लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं एक प्रथिन शोधलं, ज्याच्या गंधाने मादी त्या एका नराला लक्षात ठेवते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या देखण्या मिस्टर डार्सींवरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं डार्सिन. ही माहिती मी बायकोला कौतुकाने दिली. ती म्हणाली, "तुमच्या डार्सीचा टब आधी धुवा." भुसा सुतारांकडून आणतो, पण देवदार-पाइनचा असला तर त्याच्या वासाने उंदरांना श्वासाचा त्रास होतो, म्हणून बरेचदा रद्दीच्या पट्ट्या कापून घालतो. एका दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. त्याच्या पाच प्रती मी जपून ठेवल्या होत्या. आता चार आहेत. पाचवीचं एका मादीने इतकं मऊ घरटं केलं की त्या लेखाचा तेवढा उपयोग वाचकांपैकी कोणालाच झाला नसेल.

घरट्यात दुसऱ्या दिवशी पिल्लं होती. सोललेल्या शेंगदाण्यांएवढी, तशीच गुलाबी. कातडी इतकी पातळ की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. ज्याच्या पोटात पांढरं दिसत नाही त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. दोन माद्या एकाच टबात व्याल्या तर त्या सगळी पिल्लं एका ढिगात घेतात आणि दोघी मिळून पाजतात. माझं तुझं नाही. बायको तोपर्यंत गॅलरीत नाक धरूनच जायची. त्या दिवशी तिने नाक सोडलं.

मग तिने विचारलं, "तो नर अजून आतच आहे?" मी तिला नियोजन समजावून सांगितलं: मादी विल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते, एकीकडे पाजते आणि एकीकडे पुढची खेप पोटात वाढते, म्हणूनच तर उत्पादनात खंड पडत नाही. हे मी जरा अभिमानाने सांगितलं असावं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून तिने त्या नराला शेपटीच्या मुळाशी धरून उचललं आणि दुसऱ्या टबात टाकलं. "सव्वा महिना," ती म्हणाली, "तोपर्यंत हात लावायचा नाही." त्या संध्याकाळी दोघी बाळंतिणींना डिंकाच्या लाडवाचा एकेक कोपरा मिळाला. गेल्या हिवाळ्यात मला खोकला झाला होता, तेव्हा मला तो लाडू मागून घ्यावा लागला होता. वहीतलं 'खंड न पडणारं उत्पादन' मी तेव्हापासून खोडलेलं आहे.

आता जावकच्या रकान्याबद्दल. गुंडोपंत वसंतात जेवायला लागले. जिवंत उंदीर त्यांच्यापुढे टाकत नाहीत, कारण उंदीर सापाला चावतो, डोळासुद्धा फोडतो. आधी मारून, गोठवून, मग गरम पाण्यात सोडून, अंगात ऊब आल्यावर चिमट्याने द्यायचा. मारण्याचं काम कन्या करते. ती पशुवैद्यक शिकते आहे. वायूचं प्रमाण, वेळ, नंतर खात्री करून घेणं, हे ती घाई न करता करते. मी अंडंही खात नाही आणि हे मी लोकांना न विचारता सांगत असतो. ती टब उचलून आत नेते, तेव्हा मी कापडी पिशवी घेऊन मंडईत जातो. परत येतो तेव्हा ती हात धुऊन बसलेली असते आणि बोलत नसते. मी चहा टाकतो. त्यात आलं जास्त घालतो. जन्मांचा हिशेब तीन रंगांत ठेवणारा माणूस मृत्यूच्या वेळी कोथिंबिरीचा भाव करत असतो, हे तिच्या लक्षात आलेलं आहे. ती बोलून दाखवत नाही, हा तिचा चांगुलपणा.

शंकराच्या घरात साप, उंदीर आणि मोर कसे नांदतात, हा विनोद मी करणार नाही. सोसायटीतल्या प्रत्येकाने तो मला स्वतंत्रपणे ऐकवला आहे, आणि प्रत्येकाला तो आत्ताच सुचल्याचा आनंद झालेला मी पाहिला आहे. 1980 साली पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले होते, तो दाखलाही मला दिला जातो. तो देणाऱ्यांचा सूर असा, की ते काय होतं आणि तुम्ही काय आहात. हे मला मान्य आहे.

मला राग येतो तो सेक्रेटरींचा. "इथे संस्कारी कुटुंबं राहतात, हे क्रौर्य चालणार नाही," अशी लेखी तक्रार त्यांनी माझ्याविरुद्ध केली. त्यांच्या स्वयंपाकघरात चिकट सापळा असतो: पुठ्ठा, त्यावर पसरलेला डिंक. त्यात अडकलेला उंदीर मरायला सबंध रात्र घेतो, कधी त्याहून जास्त. सुटायच्या धडपडीत कातडी सोलून घेतो, आणि ओरडतो. सकाळी तो पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात जातो, बरेचदा तो जिवंत असतानाच. पुढचं काय ते आमच्या कचरा नेणाऱ्या बाईंनी बघायचं. बाईंनी एकदा ते पुडकं उघडून माझ्या बायकोला दाखवलं होतं. "मी काय करू सांगा वहिनी याचं," म्हणाल्या. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. कन्येने त्या उंदराला तेल लावून सोडवायचा प्रयत्न केला, मग तिला जे करावं लागलं ते केलं. त्या दिवशी मी मंडईत गेलो नाही. या माणसाकडून मी क्रौर्याची व्याख्या शिकायची होती! तक्रारीला मी साडेचार पानी उत्तर लिहिलं, त्यात क्लारा लिंच आणि ॲबी लॅथ्रॉप दोघी होत्या. समितीने ते 'वाचून दाखवलेले मानण्यात यावे' असा ठराव केला.

पावसाळ्यात पार्किंगमध्ये उंदीर झाले. आमचे नव्हेत; ओढ्याकडून आलेले, थोराड, तपकिरी. त्यांनी सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या वायरी कुरतडल्या. गॅरेजवाल्याने दुरुस्त केल्या, त्यांनी पुन्हा कुरतडल्या. चिकट पुठ्ठे त्यांनी अंगाला लावून घेतले आणि तसेच निघून गेले. एका रात्री नऊच्या सुमारास सेक्रेटरी स्वतः दारात आले. आत आले, वासाबद्दल बोलले नाहीत, बायकोने दिलेलं सरबत प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी काय म्हणत होतो, तो तुमचा हा... त्याला दोन-चार रात्री पार्किंगमध्ये सोडता येईल का?"

मी गुंडोपंतांकडे पाहिलं. ते चेंडू करून बसले होते. कन्येने तोंडाला ओढणी लावली.

"तसं अवघड आहे," मी म्हणालो. "त्यांना स्थानिक चालत नाही. ते फक्त स्विस खातात."

"प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे?"

"हरकत काहीच नाही," मी म्हणालो, "अर्ज द्या. लेखी. समितीच्या ठरावाच्या प्रतीसह."