वानेरा, बालंक्या आणि टर्बो डिझेल

सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या फेब्रुवारीत निजामाला उदगीरला कोंडीत पकडलं आणि वर्षाला साठ लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून घेतला. घासाघीस तेव्हापासून आमच्या पाण्यात आहे. जुनी गाडी घ्यायला गेलेला उदगीरकर सांगितलेल्या किमतीतून पंचवीस हजार तोडतो, वर सीट कव्हर, फ्लोअर मॅट आणि डॅशबोर्डवरचा गणपती पदरात पाडून घेतो आणि किल्ला सर केल्यागत पेढे घेऊन घरी येतो. उदगीरनंतर वर्षाच्या आत पानिपत झालं, हे त्याला त्या दिवशी सांगणं बरं दिसत नाही. त्याचं पानिपत साधारणपणे पहिल्या सर्व्हिसिंगला होतं.

सध्या आमच्याकडे सगळ्यांना उंच गाडी हवी. उंच, पण आखूड. याचं मूळ २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरची एक्साइज चोवीस टक्क्यांवरून सोळावर आली आणि कंपन्यांनी गाड्यांची शेपटं छाटायला घेतली. पुढे २०१३ ला इकोस्पोर्ट आली, २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन. त्या पिढीच्या गाड्या आता दुसरं-तिसरं घर शोधत फिरताहेत, आणि सोयाबीनचा पैसा हातात आला की आम्हीही गाडी शोधत फिरतो. अशा वेळी गाठी पडतातच.

मी गाडी बघायला मामांना घेऊन गेलो. मामांना गाडी चालवता येत नाही. पण हाळीच्या जनावरांच्या बाजारात त्यांचं उभं आयुष्य गेलं. देवणी बैल लांबून बघून ते त्याचं वय, खोड आणि मालकाची अडचण, तिन्ही सांगतात. पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाड्यांवरून त्यांनी नजर फिरवली. पांढरं अंग, काळं तोंड असलेलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वानेरा." सगळी पांढरी होती ती बालंक्या. चट्ट्यापट्ट्यांचे स्टिकर लावलेली शेवरा. देवणीच्या तीन जातींत अख्खं शेड बसलं.

विकणारा पोरगा चुणचुणीत होता. "काका, वानेरा काय ते म्हायीत न्हाई, पण डॉक्टरची गाडी हाय. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बास."

या वाक्याला आमच्याकडे सातबाऱ्याइतकं वजन आहे. मात्र सोबत आलेल्या मिस्त्रीचाचांनी कपाळाला हात लावला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साचलेली काजळी जळून जायला गाडी चांगली तापून, बराच वेळ एका दमात पळावी लागते. घर ते दवाखाना एवढ्यात ती पेटतच नाही, साचत जाते. म्हणजे विकणारा जो गुण सांगत होता, तोच गाडीचा रोग होता. फिल्टर बदलायचा खर्च चाचांनी कानात सांगितला, तेव्हा मामा मोठ्यानं म्हणाले, "एवढ्यात बैल येतंय की!"

मग त्यांनी बालंक्याच्या बॉनेटवर पंजा टेकवला. गरम. "पोरा, हिला आदीच तापवून कशाला ठेवलाव?"

"धुवायला नेली होती, काका."

"उद्या सकाळी येताव. तवर हात लावू नका."

हे मात्र कुणीही शिकून घ्यावं. गार इंजिन खोटं बोलत नाही. तापवून ठेवलेल्या गाडीची कुंथत सुरू होण्याची सवय, पहिली खडखड, पहिला धूर, सगळं आधीच उरकलेलं असतं. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर डिझेल अर्धवट जळतंय, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. चाचांच्या मते धूर बघायला मागं उभं राहावं. गिऱ्हाईक मात्र पुढं बसून स्पीकरचा आवाज बघतं.

सकाळी वानेराचं दार उघडलं तर अत्तराचा भपकारा आला. मामा दोन पावलं मागं सरले. "एवढं अत्तर कशाला?" चाचांनी सीट बेल्ट पार शेवटापर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ होती. सीटखालची पट्टी गंजलेली. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या गल्ल्यांतून गाड्या तरंगत गेल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पाणी ओसरल्यावर त्या गाड्या कुठं गेल्या, ते कुणी दाखवलं नाही. हैदराबाद काही उदगीरपासून फार लांब नाही. डॉक्टर साहेब बहुधा पोहत दवाखान्यात जात असावेत.

शेवराला चढावर चौथ्या गिअरमध्ये दाबलं, तर आवाज पुढं गेला आणि गाडी मागंच राहिली. क्लच संपला होता. स्टिअरिंग पुरतं वळवून गोल फिरवली, तर चाकातून टकटक यायला लागली. सीव्ही जॉइंटही निरोप घेत होता. मीटर बेचाळीस हजार म्हणत होतं आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. टायरवर २३१९ असे चार आकडे होते, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मामांना ही सोय फार आवडली. "दात मोजायचं कामच न्हाई. लिवूनच ठिवलंय."

उरली बालंक्या. दारावर पोचा, रंग उन्हानं उडालेला, म्हणून कोपऱ्यात ढकललेली. गार असूनही एका किल्लीत सुरू झाली. ऑइलचं झाकण काढलं तर वाफा नाहीत, पांढुरका चिकट थर नाही. स्पीड ब्रेकरवर हळू घेतली की कटकटत होती, पण ते लिंक रॉड आणि बुश. आमच्या रस्त्यांवर ते सगळ्यांचेच जातात, माणसांचेसुद्धा. कर्नाटकची नसल्यानं एनओसी आणि पुन्हा टॅक्स भरायची भानगड नव्हती. बँकेचा बोजा उतरल्याचीही नोंद होती. चासी नंबर आरसीशी जुळला. बायकोनं फोनवर फोटो बघून "हाच रंग होता का?" एवढंच विचारलं.

भावाची वेळ आली. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि पोरापुढं धरलं. पोराला वाटलं, म्हातारा हात पुसायला देतोय; त्यानं खरंच हात पुसले. तेवढ्यात आतल्या गल्ल्यावर बसलेले त्याचे आजोबा चप्पल सरकवत बाहेर आले आणि मुकाट्यानं उपरण्याखाली हात घातला. बोटं दाबली गेली, सोडली गेली, पुन्हा दाबली गेली. एकदा मामांनी रागानं हात काढून घेतला, एकदा आजोबांनी. शेवटी दोघं हसले आणि चहा सांगितला. पोरगा माझ्याकडं बघत होता, मी पोराकडं. चेकवर आकडा काय लिहायचा, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगितलंच नव्हतं.