टेप घेऊन या, साहेब

भिवंडीच्या नारपोलीत रात्री साडेअकराला संस्कृती धोक्यात येते. तोवर ती सुखरूप असते. हे माझ्या मनचं नव्हे. डान्सबारमधला नाच संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा एवढाच वेळ चालावा, असं राज्याचा कायदा सांगतो आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ही वेळ कायम ठेवली. साडेअकरा वाजून एक मिनिट झालं की तीच बाई, तेच गाणं आणि तीच गिरकी गुन्हा ठरते.

इतका काटेकोरपणा एका दिवसात येत नाही. २००५ साली आर. आर. आबा पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घालून डान्सबार बंद झाले, तेव्हा मोजायला फक्त तारे होते. हॉटेलाला तीन किंवा जास्त तारे असले तर नाच चालेल. नसले तर समाज बिघडेल. नारपोलीत गोडाऊनच्या पत्र्यांमधून आकाशातलाही तारा धड दिसत नाही, तेव्हा आमचं बिघडणं ठरलेलंच. हा भेदभाव उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मोडीत काढला, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लगेच सरकारला समतेचा साक्षात्कार झाला आणि २०१४ मध्ये पंचतारांकितांवरही बंदी आली. न्यायालयानं २०१५ मध्ये तिलाही स्थगिती दिली. मग मात्र सरकारनं नवा कायदा करून टेप काढली.

मंचाचा कठडा आणि पहिली खुर्ची यांत अंतर पाच फूट. कठड्याची उंची तीन फूट. मंचावर एका वेळी चौघीच. नाच असेल तिथे दारू नको. शाळा आणि प्रार्थनास्थळं एक किलोमीटर लांब हवीत. भिवंडीत ही अट पाळायची तर खाडीच्या मधोमध होडी नांगरूनच बार काढावा लागला असता. सुरुवातीच्या अटींत आतल्या कॅमेऱ्याचं चित्र थेट पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये दिसावं असंही होतं. म्हणजे गिऱ्हाइकानं बघितलं तर चाळे, हवालदारानं बघितलं तर बंदोबस्त. कॅमेरे, दारूबंदी आणि किलोमीटर या तिन्ही अटींवर न्यायालयानं काट मारली.

२०१६ च्या या कायद्याच्या नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण आहे. पण २००५ च्या बंदीनं ज्यांची रोजी गेली, त्या बारबालांचा न्यायालयात सांगितला गेलेला आकडा ७५ हजारांचा होता. त्यांच्या पोटाचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा टेप नेमकी संपली. आता रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘ऑर्केस्ट्रा’ असतो. परवाना गाण्याचा. माईक धरून उभं राहायचं; कंबर हलली की छापा.

आमच्याकडे कंबर हलवायला बंदी आहे असं मात्र कुणी समजू नये. काल्हेर-कशेळीकडे एखाद्या हळदीला जा. नवरदेवाच्या मामापासून सरपंचापर्यंत सगळे नाचतात, डोक्यावरून नोटा ओवाळल्या जातात आणि दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम डीजेवाल्याच्या कानापर्यंत पोचतच नाही, कारण कानाशी डीजे असतो. तिथे कठडा नाही आणि कुणाची प्रतिष्ठाही गेलेली नाही.

आणि नारपोलीची खरी नाइट लाइफ? ती बारा तासांच्या रातपाळीची. यंत्रमाग रात्रभर नाचतात. कारागीर आणि माग यांच्यात पाच फूट सोडा, एक माणूस तिरका झाल्याशिवाय जाता येत नाही. वर माणसं झोपलेली, खाली गाळे भरलेले. पण एका मजल्यावर एका वेळी चौघेच, असं कुणी म्हणत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. पस्तीसहून अधिक जीव गेले. साडेअकरानंतर इथे काय काय घडू नये याची यादी वर्षानुवर्षं चालली होती. तिच्यात हे नव्हतं. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्याची गोडाऊनची इमारत पडली ती तर भरदुपारी, म्हणजे अगदी सभ्य वेळेत.

म्हणून नम्र विनंती आहे. साहेब, तीच टेप घेऊन इकडे या. दोन इमारतींमधलं अंतर मोजा, जिन्याची रुंदी मोजा, बंब कुठवर येतो ते बघा. खांबांचं चारित्र्य तपासा. कॅमेरे लावायचेच असतील तर भिंतींच्या भेगांवर लावा आणि चित्र थेट कंट्रोल रूममध्ये सोडा. कुणाच्याही खासगीपणाला धक्का लागणार नाही.

एक अट मात्र नव्यानं घालायची गरज नाही. नाचणारीवर नोटा उधळायच्या नाहीत, हातात द्यायला हरकत नाही, असं न्यायालयानं टिपेबद्दल सांगितलं आहे. बांधकामं मंजूर करून घेणाऱ्यांनी आजवर कधी दौलतजादा उधळल्याचं ऐकिवात नाही. त्यांची पद्धत पहिल्यापासूनच हातात द्यायची आहे.