पेरास्तचे घरमालक

माँटेनेग्रोत हॉटेल करू नका, कोतोरच्या खाडीकाठी कुणाच्या तरी घरात खोली घ्या, असं सांगणाऱ्याने एक गोष्ट लपवलेली असते. खोलीबरोबर घरमालकही घ्यावे लागतात.

उंची सहा फुटांच्या वर, वय साठीच्या पुढे, पायांत सपाता. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल, आणि त्यावर कुणी न मागता आलेली लोझा. द्राक्षाची ही घरगुती दारू पाण्याच्या बाटलीत असते, त्यामुळे नवखा माणूस फसतो. सकाळी नऊ वाजता कसली दारू, असं आपण म्हणावं तर मालक समजूतदारपणे मान डोलावतात. "दारू नाही ही. लोझा आहे." मांस खात नाही म्हटलं तरी तोच न्याय. "मांस कुठंय? हा प्रशूत आहे!"

प्रशूत म्हणजे डुकराची मांडी मीठ लावून, बीचच्या लाकडाचा धूर देऊन, डोंगरवाऱ्यावर महिनोन्‌महिने सुकवलेली. लोव्चेन डोंगरातल्या न्येगुशी गावचा प्रशूत नावाजलेला. त्यातही खरा म्हणावा तो मालकांच्या मावसभावाचाच. शेजाऱ्यांचा मावसभावही न्येगुशीचाच आहे, पण त्याला मिठाचा हात नाही. अखेर शाकाहारी पाहुण्यांसाठी मालकीणबाई मुकाट्याने प्रिगानित्से तळून आणतात, सोबत मध आणि चीज. मालक त्या गरमागरम गोळ्यांकडे जरा दयेनेच बघतात आणि मग निम्मे स्वतः संपवतात.

"आज काय बघणार?" हा प्रश्न ते रोज विचारतात, पण उत्तर ऐकायचं म्हणून नव्हे. कोतोरचा किल्ला म्हटलं की कपाळावर हात. १,३५० पायऱ्या, आणि या उन्हात? तुम्ही चढलात का कधी? "शाळेत असताना. तिथेच आहे अजून, कुठे गेला नाही. बसा. पोलाको." पोलाको, म्हणजे सावकाश. हे ऐकल्यावर उठणाऱ्याला आपण काहीतरी असभ्य करतोय असं वाटायला लागतं.

त्यांच्या इतिहासाचे भाग दोनच: भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. १५ एप्रिल १९७९ला इथली जमीन हादरली. कोतोरचं सेंट ट्रिफनचं कॅथीड्रल ११६६ सालचं आणि मालकांच्या स्वयंपाकघराची भिंत त्यांच्या वडिलांनी बांधलेली. दोन्ही 'भूकंपाआधीची', म्हणून सारख्याच आदराची. भूकंपाच्याच वर्षी कोतोरचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. यावर मालकांचं भाष्य: "पडल्यावर दिसलो आम्ही युनेस्कोला!"

रशियाच्या पीटर झारने १६९८ साली आपले सरदार नौकानयन शिकायला पेरास्तला पाठवले, हे ते असं सांगतात, की शिकवणाऱ्यांत आपणही असावेत. त्या काळी इथे राज्य व्हेनिसचं होतं हा तपशील मात्र घाईत गळतो. घाई एरवी कधी नसते.

समोरच्या पाण्यातलं चर्चचं बेट कुणी बांधलं, हेही विचारून बघा. "आम्ही." काम पंधराव्या शतकातलं! खलाशांनी दगड आणि जुनी जहाजं बुडवून ते उभं केलं. पण मालकांचं अगदीच खोटं नाही, कारण २२ जुलैच्या संध्याकाळी नावा एकमेकींना बांधून गावकरी आजही तिथे दगड टाकायला जातात. मालक दगड आदल्या आठवड्यातच निवडून ठेवतात. शेजाऱ्यांचा लहान असतो.

आपल्या आळशीपणाचे विनोद माँटेनेग्रोचे लोक स्वतःच सांगतात. ब्रेझ्ना गावात तर लोळत पडण्याची स्पर्धाच असते. २०२३ साली ती ५० दिवस चालली. "पन्नासच?" म्हणून मालक जांभई देतात. हे गृहस्थ पहाटे होडी घेऊन गेलेले असतात, अंजिरं उतरवलेली असतात, कुणाचा तरी पंप दुरुस्त केलेला असतो. हे सगळं पाहुणे उठायच्या आत उरकायचं आणि मग दिवसभर खुर्चीत दिसायचं. लौकिक सांभाळायला मेहनत पडतेच.

निघताना पुढचा मुक्काम चुकूनही सांगू नये. उल्त्सिन्य म्हणालात की फोन कानाला. तिथे त्यांचा एक चुलतभाऊ असतोच. दोन तासांनी बसमधून उतरावं तर तसाच सहा फुटी एक गृहस्थ पाण्याची बाटली हलवत उभा, आणि आपल्या शाकाहाराची बातमी त्याला आधीच पोचलेली. त्याने प्रशूत अगदी पातळ कापून आणलेला असतो.