राजमान्य राजेश्री धोंडोपंतांस

भोंगवली, ता. भोर, जि. पुणे

राजमान्य राजेश्री धोंडोपंत यांसी,
मु. पो. रुळाच्या कडेला, बाभळीमागे.

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपलं खरं नाव मला ठाऊक नाही, म्हणून कामावरून नाव ठेवलं. राग नसावा.

मी भोर तालुक्यातला. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. रूळ नाहीत, फाटक नाही, त्यामुळे फाटकात खोळंबल्याची तक्रार करायचंही सुख नाही. एसटी चुकली की सारोळ्याला हायवेवर उभं राहून हात करायचा. आगगाडी बघायची तर नीरेच्या स्टेशनात जायचं. लहानपणी मालगाडीचे डबे मोजायलाच आम्ही तिथं जात असू. फलाटाखाली खडी पसरलेली असायची. पण तिचा जो उपयोग आपल्याला सुचला, तो आमच्या डोक्यात कधी आला नाही. आमच्याकडे दगड भिरकवायला काहीतरी कारण लागतं. ज्वारीवर पाखरं उतरली तर गोफण, आणि तीही पाखरू उडावं म्हणून, मरावं म्हणून नव्हे. धावत्या गाडीला विनाकारण दगड मारण्याइतकी आमची प्रगती झालेली नाही.

आपल्या हुशारीचं कौतुक करावं तेवढं थोडं. स्लीपर जागेवरून हलू नयेत, पावसाचं पाणी निचरून जावं, गाडीचे हादरे जिरावेत, म्हणून रेल्वे रुळाखाली काळ्या पाषाणाची खडी घालते. तीही नेमकी मुठीत मावेल अशी. म्हणजे गाडी सरकारची, रूळ सरकारचे आणि दारूगोळाही सरकारचाच. आपण फक्त हात लावायचा.

नवी गाडी कारखान्यातून निघाली की लगेच लोकांच्या सेवेला येत नाही. लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेची, माणसं यंत्रं मांडून तिच्यात बसतात. डबा किती हलतो, किती डुलतो, ब्रेक मारल्यावर किती अंतरावर थांबतो, याच्या नोंदी घेतात. जानेवारी 2025 मध्ये वंदे भारत स्लीपरच्या चाचणीत ताशी 180 किलोमीटर वेगाला पाण्याने भरलेला ग्लास ठेवला होता. पाणी सांडलं नाही. भरल्या गाडीची चाचणी घेताना माणसांऐवजी वाळूची पोती ठेवतात. मला त्या पोत्यांचा फार आदर वाटतो. पोती गुटखा थुंकत नाहीत, सीटवर बदाम कोरत नाहीत, दुसऱ्याच्या जागेवर बसून “जरा सरका की” म्हणत नाहीत. आणि चाचणी संपली की नेमकी तीच उतरवतात अन् आपल्यासारख्यांना चढू देतात.

आरडीएसओच्या यादीत एकच परीक्षा राहून गेली असावी, ती आपण घेता. चेन्नईच्या आयसीएफ या डब्यांच्या कारखान्याने 18 महिन्यांत ट्रेन 18 उभी केली, पुढे तिचंच नाव वंदे भारत झालं. डिसेंबर 2018 मध्ये चाचणीत तिने 180 चा वेग गाठला. त्याच महिन्याच्या 20 तारखेला, दिल्ली-आग्रा चाचणीत, आपल्या उत्तरेकडच्या शाखेने तिची काच फोडली. पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला तो 15 फेब्रुवारी 2019 ला. झेंड्याच्या आधी दगड पोचला होता. मुंबईची गाडी मागे राहिली, असं मात्र कुणी म्हणू नये. मुंबई-करमाळी तेजस 22 मे 2017 ला सुरू झाली. तिच्या काचा तर उद्घाटनाआधीच, दिल्लीहून मुंबईला येताना फुटलेल्या होत्या. पहिल्या फेरीनंतर हेडफोन गायब, सीटमागचे स्क्रीन ओरखडलेले. ते काम आपल्या धाकट्या बंधूंचं. त्यांची कला वेगळी. त्यांना नेम लागत नाही, मोठा खिसा पुरतो.

आपल्या पराक्रमात थोडी वजावट करावी लागेल, माफ करा. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 30 मीटर. अशा गाडीसमोर आपण दगड नुसता हातातून सोडला, तरी ती त्याच वेगाने येऊन त्याच्यावर आदळते. म्हणजे आपल्या मनगटाचा जोर कमी, इंजिनाचा जास्त. शाबासकी मात्र सगळी आपल्यालाच: 1989 च्या रेल्वे कायद्यातलं कलम 153, कैद पाच वर्षांपर्यंत. कुणाला इजा व्हावी म्हणून मारला असेल तर कलम 152, थेट जन्मठेपेपर्यंत. जुन्या सिनेमांत तुरुंगात खडी फोडायला लावत. आपला हात बसलेलाच आहे.

आता माझं थोडं गाऱ्हाणं. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याला निघालो होतो, एसी डब्यातून. माझ्या शेजारच्या खिडकीच्या काचेत मधोमध रुपयाएवढा खळगा, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, आणि वरून आडवीउभी तपकिरी चिकटपट्टी. खिडकीशी एक म्हातारी बसली होती. पदराच्या गाठीला भंडाऱ्याची पुडी. वाल्हं मागं पडल्यापासून ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, “जेजुरी आली का रं बाबा?” जेजुरी आली. तिनं काचेला नाक लावलं, पट्टीच्या कडेनं मान वाकडी करून पाहिलं, पदराने काच पुसली. तडे काही पुसले जाईनात.

“गड दिसतोय का रं?”

“दिसतोय की, आजी. तो काय समोर.”

मला पट्टी दिसत होती. पण तिनं डोळे मिटले, त्या पट्टीलाच हात जोडले आणि चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला.

खंडोबाच्या दारात बोललेलं हे खोटं मी आपल्या खात्यावर मांडलं आहे, धोंडोपंत. सवडीनं फेडावं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक बिनरेल्वेवाला

ता. क. : आमच्या तालुक्यात कधी रेल्वे आलीच, तर चाचणीला जरूर यावं. अख्खं गाव रुळाच्या कडेला उभं असेल, तेव्हा बाभळीमागे एकटं लपायची सोय होणार नाही.